कार्डाला लावलेलं कुंकू

कोलकात्यातल्या मराठी माणसांत मी गेली पंचवीस वर्षं कादंबरीकार म्हणून ओळखला जातो. माझी एकही कादंबरी प्रसिद्ध झालेली नाही. ती कॉम्प्युटरमध्ये अडकली आहे, असं या संक्रांतीपर्यंत सगळे धरून होते. मंडळाच्या गणपतीत किंवा कुणाच्या मुंजीच्या पंगतीत माझी ओळख करून देताना लोक म्हणत, हे टेंबे, बँकेत होते, यांची ती मोठी कादंबरी... आणि पुढचं वाक्य आवाज खाली आणून पुरं करत. मी मान किंचित तिरकी करायचो, चष्मा काढून पुसायचो आणि 'असो' म्हणायचो. हे 'असो' मला फार चांगलं जमतं. लिहिण्यापेक्षा त्याचाच सराव जास्त झाला आहे.

मी श्रीधर टेंबे, वय एकाहत्तर, राहणार डमडम. एकोणनव्वद साली बँकेने मला दोन वर्षांसाठी इथे राजभाषा अधिकारी म्हणून पाठवलं. म्हणजे शाखांमधून किती पत्रं हिंदीत गेली याची टक्केवारी काढायची आणि दर तिमाहीला वर कळवायची. बंगाली कारकून पत्र इंग्रजीत लिहीत, पाकिटावरचा पत्ता हिंदीत टाकत, आणि मी ते अख्खं पत्र हिंदीत धरत असे. अशी मी देशाच्या राजभाषेची सेवा केली. दोन वर्षांनी मला परत न्यावं असं वरच्या कुणालाच वाटलं नाही. तोवर माझी बायको आशा इथल्या शाळेत शिकवायला लागली होती, मुलगा उन्मेष बंगालीत भांडायला लागला होता, आणि आम्ही इथलेच झालो.

त्या टक्केवारीसाठी आमच्या खात्याला एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याच्या पोटात एक हातभर लांब हिरवं कार्ड होतं. साधं कार्ड पडद्यावर चित्र दाखवतं. हे चित्र तर दाखवायचंच, वर नागरी अक्षरंही घडवून द्यायचं. त्या अक्षरांचे आकार कार्डावरच्या एका चिपमध्ये साठवलेले होते, आणि कार्ड जागेवर नसेल तर लिहिण्याचा प्रोग्राम सुरूच होत नसे. सत्त्याण्णव साली बँकेत नवी मशीनं आली तेव्हा हे जुनं मी मोडीतून उचलून घरी आणलं. आशाने विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, कादंबरी लिहिणार आहे. तसं काही ठरलेलं नव्हतं, पण एवढं धूड तीन मजले चढवल्यावर दुसरं कारण सांगणं बरं दिसेना.

विषयही आयता मिळाला. अठराव्या शतकात मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याची सुरुवात बागबाजारला झाली. इथले लोक त्या मराठी घोडेस्वारांना बर्गी म्हणतात. माझा नायक असाच एक बर्गी. तो पहिल्याच वाक्यात घोड्याला टाच मारतो, साडेतीन पानं दौडतो आणि बागबाजारच्या खंदकाशी येऊन थांबतो. पुढे तो काय करतो हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी मशीनपुढे बसायचो, सूर्यास्ताचं 'तांबूस' खोडून 'तांबडा' करायचो, पुढच्या रविवारी परत 'तांबूस' करायचो आणि चहाला उठायचो.

मंडळात कुणीतरी विचारलं, किती झाली? मी सांगितलं, चाळीस पानं. खोटं बोलायचा विचार नव्हता, चाळीस हा आकडा तोंडात बसला एवढंच. पुढच्या गणपतीला त्याची शंभर करावी लागली. टक्केवारी वाढवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हताच. नव्व्याण्णवच्या गणपतीत मी दोनशे ऐंशीवर होतो आणि आता कादंबरी संपवायची कशी या विचाराने पाचावर धारण बसली होती. तेवढ्यात देवाला माझी दया आली. त्या वर्षी दसऱ्याला मशीन सुरू केलं तर पडदा काळा. आतून एक लांब शीळ आली आणि मागून दोन आखूड.

मी दोन-तीन माणसांना दाखवलं. सगळे म्हणाले, कार्ड गेलं, हे आता मिळत नाही. मी चेहरा पाडला. आतून सत्यनारायण घालावासा वाटत होता. त्या दिवसापासून माझी कादंबरी अडकली आणि माझी कीर्ती सुरू झाली. दोष मी कोलकात्याच्या दमट हवेला दिला. थोडा दोष, आदल्या महिन्यात ब्रशने धूळ झाडून गेलेल्या एका बिचाऱ्या माणसालाही दिला. त्या दोघांच्या नावाने मी पंचवीस वर्षं बोटं मोडली.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण गेल्या वर्षीच्या गणपतीत अपर्णाताईंनी डाव उधळला. अपर्णाताई आमच्या मंडळाच्या कार्यवाह. त्यांचे आजोबा इथे आले, त्या इथेच जन्मल्या, इथल्याच शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यात त्यांना कुणी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी संक्रांतीच्या समारंभाची पत्रिका छापून टाकली. तिळगूळ, हळदीकुंकू, आणि मध्ये ठळक अक्षरांत, श्रीधर टेंबे यांच्या कादंबरीतील उताऱ्यांचं वाचन, चाळीस मिनिटं. मी म्हणालो, कार्ड बंद आहे. त्या म्हणाल्या, जुनी कार्डं दुरुस्त करणारी माणसं हल्ली आहेत, मग घोडं पेंड खातंय कुठे? घोडं खंदकाशी उभं होतं, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार?

बंगळूरहून उन्मेषचा फोन आला. म्हणाला, बाबा, कार्ड कशाला हवं, डिस्कवरून फाइल काढून नव्या अक्षरांत बदलता येते का बघतो, अर्ध्या तासाचं काम. मी ताठ आवाजात सांगितलं की ज्या अक्षरांत कादंबरी लिहिली त्याच अक्षरांत मी ती वाचेन, एरवी नाही. याला तत्त्व म्हणतात, असंही सांगितलं. उन्मेष म्हणाला, मग बराकपूरला एक जण आहेत, त्यांचा नंबर देतो. स्वतः खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तेव्हा खाली आपलीच माती असते, एवढाच काय तो दिलासा.

बराकपूरचे अनिलबाबू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. घराच्या पुढच्या खोलीत जुनी कार्डं जिवंत करतात. तीस वर्षांपूर्वीचे खेळ जुन्याच मशीनवर खेळायचा नाद असलेले लोक ती त्यांच्याकडे पाठवतात. नुकतंच एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग. मी टॉवेलात गुंडाळून नेलेलं कार्ड त्यांनी दोन्ही कडांना धरून उचललं आणि पंधरा मिनिटं नुसतं पाहिलं. लोक आधी तापवतात आणि मग बघतात, म्हणाले, तिथेच निम्मी कार्डं मरतात. मला वाटलं, आता ते हवेचा दोष सांगतील. मी मान हलवायच्या तयारीत होतो.

त्यांनी भिंग वर सारलं आणि बंगालीत शांतपणे विचारलं, "सिंदूर के दियेछे?"

सिंदूर कुणी लावलंय. मी खाली वाकून पाहिलं. चिपच्या पायांशी लालसर तपकिरी थर बसला होता, आणि त्याच्या कडेने पिवळा.

आता हे सांगायलाच हवं. आमच्या घरी खंडेनवमीला सगळ्या औजारांची पूजा होते. विळी, कात्री, शिवणयंत्र, उन्मेषची सायकल. कॉम्प्युटर आला तशी त्याचीही सुरू झाली. शहाणी माणसं डब्यावर बाहेरून कुंकू लावतात आणि नमस्कार करतात. मी पडलो विचारवंत. मी म्हटलं, पत्र्याच्या डब्यात कसली सरस्वती, ती अक्षरांच्या चिपमध्ये. मग मी स्क्रू काढून झाकण उघडायचो, ओल्या बोटाने त्या चिपला हळद लावायचो, कुंकू लावायचो, अक्षता टाकायचो आणि फुलाने पाणी शिंपडायचो. अशी तीन वर्षं पूजा केली. त्या दिवशी औजार चालवायचं नसतं, म्हणून ओल्या कार्डाला निदान एक दिवस वाळायला मिळे. ते तीन वर्षं टिकलं ते बहुधा त्यामुळेच.

अनिलबाबूंनी चिमट्याने चिप अलगद उपटली. खालच्या खाचेतून काळपट पडलेला तांदळाचा एक दाणा निघाला. तो त्यांनी माझ्यासमोर कागदावर ठेवला. मला त्या ब्रशवाल्या माणसाची आठवण आली. इतकी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, आणि कार्डाचा जीव घेणारा हात माझाच होता, तोही पूजा करताना.

त्यानंतर डिसेंबरात मी चार वेळा बराकपूरला गेलो. अनिलबाबूंनी मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन कार्ड धुतलं. बोहल्यावरून उतरलेल्या नवरीचे पाय धुतल्यासारखं लाल-पिवळं पाणी निघालं. खाली वीज नेणाऱ्या तांब्याच्या तीन वाटा हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या होत्या आणि चिप बसते त्या खाचेचे काही पाय कुजले होते. मीटरच्या दोन सुया ते वाटेच्या दोन टोकांना लावत. वाट शाबूत असली की मीटर वाजे, तुटलेली असली की गप्प. एकेक वाट ते वहीत काढून घेत. मग जुनी खाच काढून नवी बसवली आणि तुटलेल्या वाटांवर केसाएवढ्या तारा ओढल्या. मी दिवा धरून उभा राहायचो. त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी यायचं, ते बाहीला पुसून पुन्हा वाकायचे. दुसऱ्याच्या वस्तूसाठी इतकं मन लावणारा माणूस मी बँकेत चोवीस वर्षांत पाहिला नव्हता. आणि मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की याला यश येऊ नये.

चौथ्या खेपेला अख्खं मशीन टॅक्सीत घालून नेलं. कार्ड बसवलं, बटण दाबलं. शीळ आली नाही. पडदा उजळला, प्रोग्राम सुरू झाला, पंचवीस वर्षांपूर्वीची ती जाड, चौकोनी अक्षरं जशीच्या तशी उभी राहिली.

अनिलबाबू म्हणाले, मी स्टेशनवरच्या पाट्यांपुरती हिंदी वाचतो, तुमची सगळी अक्षरं नीट येतात का ते तुम्हीच बघा. मी क पासून ज्ञ पर्यंत टाइप केली. एकही अक्षर मोडलेलं नव्हतं. शेवटाकडे ळ होता, गोल, भरीव, सुरेख. तो पाहिला आणि मला सुचलं. मी बोट ठेवून म्हणालो, "हे एक अक्षर बरोबर येत नाही. हे हिंदीत नसतं, आमच्या मराठीतच असतं."

त्यांनी भिंग खाली ओढून ळ कडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, माझंच काहीतरी राहून गेलं असेल, कार्ड आणि मशीन दोन्ही ठेवून जा. बाकीची सगळी अक्षरं नीट येत असताना एकच कसं बिघडेल, असं त्यांनी विचारलं नाही. मी जे सांगितलं ते त्यांनी खरं धरलं. मी घरी आलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. नवी खाच काढून त्यांनी आणखी एक बसवली होती, तिन्ही तारा पुन्हा ओढल्या होत्या. नजर चुकून तारा झाळून जोडायचा तापलेला दांडा बोटाला लागला होता, पण ते विशेष नाही, म्हणाले. ते अक्षर मात्र होतं तसंच येतंय. दादा, मला माफ करा, मला जमलेलं नाही.

आशा शेजारी भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं. "काय झालंय त्यांच्या बोटाला?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने शेंगा खाली ठेवल्या आणि म्हणाली की उद्या मीही येते.

डमडमहून बराकपूर अर्ध्या तासाचा रस्ता. बेलघरिया गेलं, आगरपाडा गेलं. सोदपूरला वाटलं, आता हिला सांगून टाकावं. खडदहला तोंड उघडलं आणि शेंगदाणेवाल्याला हाक मारली. टीटागढला शेंगदाणे खात होतो. बराकपूर आलं.

आशा पडद्यासमोर उभी राहिली, चष्मा पुढे-मागे केला आणि म्हणाली, ळ तर छान आहे. मग तेच तिने अनिलबाबूंना बंगालीत सांगितलं, अक्षर अगदी ठीक आहे म्हणून. अनिलबाबूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पट्टी बांधलेलं बोट त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं. ते रागावले असते तर मी त्यांचा आभारी झालो असतो.

मी म्हणालो, "अक्षर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी खोटं बोललो."

"केनो?" त्यांनी एवढंच विचारलं. का.

उत्तर द्यायची वेळ आली नाही. आशा खुर्चीवर बसली होती आणि तिने कळा दाबायला सुरुवात केली होती. तिला कुठे काय आहे ते शोधावं लागलं नाही. यादी आली, 'खंदक' नावाची फाइल आली, उघडली. एक पान, दुसरं, तिसरं आणि अर्धं. तांबूस सूर्यास्त, खंदक, घोडा. शेवटच्या ओळीनंतर थोडी जागा सोडून आणखी एक मजकूर होता. तो मी लिहिलेला नव्हता.

'वाचलं. घोडा फार दिवस खंदकापाशी उभा आहे. त्याला पाणी तरी दाखवा. – आशा. घटस्थापना, १९९९.'

म्हणजे मशीन बंद पडायच्या दहा दिवस आधी. त्या दहा दिवसांत मी फाइल एकदाही उघडली नव्हती. मंडळात मात्र गणपतीतच दोनशे ऐंशीवर गेलो होतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"पंचवीस वर्षं."

मग कधी बोलली का नाहीस, असं मी विचारलं असावं. आशा पडद्याकडेच पाहत होती. "चारचौघांत तुम्ही ते 'असो' म्हणायचात ना, तेव्हा तुम्ही बरे दिसायचात. मला वाटायचं, म्हणू दे लोकांना लेखक, कोणाचं काय जातंय. पण परवा या माणसाचं बोट भाजलं. ते मला नाही आवडलं."

मला त्या खोलीत रडू आलं. एकाहत्तराव्या वर्षी, परक्या माणसाच्या घरात, ळ कडे बघत. आशाने अनिलबाबूंना सगळं सांगितलं, पानांचे आकडे, पूजा, पत्रिका, आणि शेवटी घोडासुद्धा. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी मला विचारलं, म्हणजे तुमचा बर्गी शेवटपर्यंत खंदक ओलांडत नाही? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "खरे बर्गीही कुठे आले? आणि तो खंदकही अर्धाच खणून सोडून दिला होता. इतिहासाला धरून लिहिलंय तुम्ही." मग ते चहा सांगायला आत गेले. त्या एका वाक्याने त्यांनी मला माफ केलं, हे मला चहा पिताना कळलं.

संक्रांतीला मी वाचन केलं. साडेतीन पानं अकरा मिनिटांत संपली. मग मी चाळीस, शंभर, दोनशे ऐंशी सांगितलं, तांदळाचा दाणा सांगितला, ळ सांगितला. अनिलबाबू पहिल्या रांगेत बसले होते, त्यांना उभं करून त्यांचं बोट दाखवलं. सगळ्यात शेवटी आशाची ओळ वाचली. टाळ्या पडल्या त्या तिलाच. माझ्या कादंबरीतलं सर्वांत चांगलं वाक्य माझं नाही, हे मंडळाने एकमताने मान्य केलं. अपर्णाताईंनी उरलेल्या वेळात हळदीकुंकू उरकून घेतलं.

परवा खंडेनवमी झाली. खाली दुर्गापूजेच्या मांडवात ढाक, म्हणजे इथले मोठे ढोल, वाजत होते. आशा तबक घेऊन आली. विळी झाली, कात्री झाली, आणि ती कॉम्प्युटरकडे वळली तसा मी दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिलो. ती हसली नाही. तिने माझा उजवा हात धरला, पाची बोटांना हळद लावली, कुंकू लावलं आणि म्हणाली, "बंद पडलेलं औजार हे आहे."

त्या दिवशी औजार चालवायचं नसतं, म्हणून मी दसऱ्यापर्यंत थांबलो. दसऱ्याला सकाळी हात धुऊन, नीट पुसून बसलो. पाऊण तास लागला. घोडा पाणी प्यायला.